अमेरिकेतल्या अपघाताच्या बातमीत काउंटीचे नावही छापा

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात आपल्याच जिल्ह्यातल्या एका तरुणाच्या अपघाती निधनाची बातमी वाचली. ठिकाण म्हणून ‘टेक्सासमधील महामार्ग’ एवढेच होते. टेक्सासमध्ये २५४ काउंट्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारखे विभाग, आहेत. त्या मुलाच्या आईवडिलांना पुढचे वर्षभर जे कागद गोळा करावे लागणार आहेत, ते यातल्या नेमक्या कोणत्या काउंटीत आहेत यावरच सगळे अवलंबून असते. हे मी अनुभवाने सांगतो. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा त्याच राज्यात, गावाबाहेरच्या एका रस्त्यावर अपघातात गेला. समोरून येणाऱ्या पिकअपने त्याच्या गाडीला धडक दिली.

मी एकतीस वर्षे तालुका न्यायालयात नोकरी केली, त्यातली बरीच नक्कल विभागात. बारनिशीला, म्हणजे आवक-जावक नोंदीला, अर्ज कसा येतो, कोणत्या शेऱ्याने परत जातो, अभिलेख कक्षातून फाइल निघायला किती दिवस लागतात, हे रोजचे काम. त्यामुळे कागदांची जबाबदारी मी घेतली. इथल्या विमा कंपनीने यादी दिली होती: एफआयआर, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, न्यायालयाच्या कागदांची प्रमाणित नक्कल. बहिणीने ती यादी देवघराच्या फडताळाला चिकटवून ठेवली होती. एकेक कागद आला की ती त्यावर खूण करणार होती. पाच महिने त्यावर एकही खूण झाली नाही.

चूक कुठे झाली ते सविस्तर लिहितो, कारण ती कोणाचीही होईल. भाच्याच्या भाड्याच्या घराच्या पत्त्यात एका शहराचे नाव होते. अपघात घरापासून जवळच झालेला. म्हणून आम्ही त्या शहराच्या पोलिसांना पत्र लिहिले. त्यांच्याकडे काहीच नोंद नव्हती. मग एका ओळखीच्या मुलाने माहितीच्या अमेरिकन कायद्याखालचा तयार नमुना दिला, तो भरून काउंटीला पाठवला. तोही फुकट गेला, कारण १९६६ चा तो कायदा फक्त केंद्र सरकारच्या खात्यांना लागू आहे. राज्य, काउंटी, शेरीफ (काउंटीचा पोलीस प्रमुख) यांचा त्याच्याशी संबंध नाही. शेवटी एका संध्याकाळी फोन केला. उन्हाळ्यात तिथे सकाळचे आठ वाजतात तेव्हा आपल्याकडे साडेसहा झालेले असतात. काउंटीच्या कचेरीतल्या बाईंनी शांतपणे सगळे ऐकून घेतले आणि सांगितले की पत्त्यातले शहर हे फक्त टपाल कचेरीचे नाव आहे. ते शहर चाळीस मैलांवर आहे. जिथे अपघात झाला तिथे शहर नाहीच.

तिकडे अशा वस्तीला ‘अनइन्कॉर्पोरेटेड’ म्हणतात. आपल्या वाचकाला समजावे म्हणून सांगतो. आपल्याकडे वाडी असते, तिला स्वतःची ग्रामपंचायत नसते, चार वाड्या मिळून गट ग्रामपंचायत असते. तिकडच्या अशा वस्तीला तीही नसते. घरे असतात, चर्च असते, पेट्रोलपंप असतो, टपाल असते. पण नगरपालिका नाही, महापौर नाही, स्वतःचे पोलीस नाहीत, नगर न्यायालय नाही. वस्ती थेट काउंटीच्या कारभारात असते. आणि आपल्याकडे ‘मु. पो.’ एका गावाचे आणि पोलीस ठाणे दुसऱ्याच गावाला, हे जसे असते, तसेच तिथे पत्त्याचे गाव आणि हद्द यांचा मेळ नसतो. आमचे पाच महिने या एका गोष्टीत गेले.

भाच्याच्या काउंटीचे नाव इथे देत नाही. नकाशा डोळ्यांसमोर यावा म्हणून दुसरे ठिकाण घेतो. पश्चिम टेक्सासमध्ये ब्रूस्टर नावाची काउंटी आहे. क्षेत्रफळ सोळा हजार चौरस किलोमीटर. आपला सातारा जिल्हा साधारण साडेदहा हजारांचा. आणि २०२० च्या जनगणनेत त्या काउंटीची लोकसंख्या दहा हजारांच्या आत! मुख्य ठाणे अल्पाइन. तिथून दक्षिणेला ११८ क्रमांकाच्या रस्त्याने सव्वाशे किलोमीटरच्या वर गेले की टर्लिंग्वा ही अशीच नगरपालिका नसलेली वस्ती लागते आणि तिच्या पलीकडे बिग बेंड हे राष्ट्रीय उद्यान. उद्यानाच्या हद्दीबाहेर, राज्याच्या रस्त्यावर अपघात झाला तर कागद राज्याच्या महामार्ग पोलिसांकडे आणि काउंटीकडे. तीच गाडी हद्दीच्या आत शिरल्यावर उलटली तर तपास उद्यानाच्या केंद्रीय रेंजरांकडे, आणि तिथे मात्र १९६६ चा केंद्रीय कायदा चालतो. सुट्टीत उद्याने पाहायला जाणारी आपली किती मुले असे रस्ते ओलांडत असतात!

आता कागद कोणाकडे असतात ते. टेक्सासपुरते लिहितो, कारण तेवढेच मी स्वतः केले.

नगरपालिकेच्या हद्दीबाहेरच्या महामार्गावरचा अपघात बहुतेक वेळा राज्याचे महामार्ग पोलीस तपासतात. शेरीफकडे गेलात तर त्याच्याकडे फक्त कोणी फोन केला, किती वाजता केला, याची नोंद मिळते. पोलिसांनी अपघाताचा अहवाल दहा दिवसांत राज्याच्या परिवहन खात्याकडे पाठवायचा असतो. त्याला सीआर-३ म्हणतात. साधी प्रत ६ डॉलर, प्रमाणित प्रत ८ डॉलर. पूर्ण अहवाल वाटेल त्याला मिळत नाही. पण अपघातातल्या चालकाच्या आईवडिलांना आणि मृत्यूबद्दल दावा लावू शकणाऱ्या वारसांना मिळतो. माझ्या बहिणीला वकिलाची गरजच नव्हती, आणि हे आम्हाला सहाव्या महिन्यात समजले.

शेरीफच्या किंवा पोलिसांच्या इतर कागदांसाठी त्या राज्याचा स्वतःचा माहितीचा कायदा आहे, १९७३ पासूनचा. अर्ज लेखी हवा, ईमेल चालतो. अर्जदार कुठला आहे, कागद कशाला हवा, हे विचारायची अधिकाऱ्याला परवानगी नाही. इथे मला थांबून एक गोष्ट बोलायची आहे. आपला २००५ चा माहिती अधिकार कायदा चांगला आहे, मी त्याचे अर्ज लोकांना लिहून दिले आहेत, पण तो फक्त नागरिकांना आहे. साताऱ्यातल्या एका बाईने टेक्सासच्या शेरीफला ईमेल केला तर त्याला तो शेजाऱ्याच्या अर्जासारखाच निकालात काढावा लागतो, याचे मला फार मोल वाटले. दहा कामकाजाच्या दिवसांत कागद देता येत नसेल तर कधी देणार ते लेखी कळवायचे. नाकारायचा असेल तर बहुतेक वेळा तेवढ्याच दिवसांत राज्याच्या ॲटर्नी जनरलचे, म्हणजे मुख्य कायदा अधिकाऱ्याचे, मत मागवायचे. खटला चालू असेपर्यंत जबाब आणि चित्रफीत रोखून धरता येते, आमच्या बाबतीत धरलीही. मूळ घटनेची जुजबी माहिती मात्र द्यावीच लागते.

न्यायालयाला तो कायदा लागू नाही. हे मला चटकन पटले, कारण आपल्याकडेही तसेच आहे. न्यायालयीन कागदाची नक्कल न्यायालयाच्या नियमांप्रमाणेच मागायची, माहिती अधिकाराखाली नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा निर्णय आहे. तिकडे साध्या वाहतुकीच्या दंडाचे कागद जस्टिस ऑफ द पीस या न्यायाधीशाकडे असतात, किरकोळ गुन्ह्याचे काउंटी क्लार्क या अभिलेख सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे, गंभीर गुन्ह्याचे डिस्ट्रिक्ट क्लार्ककडे. ही सगळी माणसे निवडून आलेली असतात, आणि लहान काउंटीत दोन्ही क्लार्कांचे काम एकच व्यक्ती पाहते. पिकअपच्या चालकावरचा दारू पिऊन जीव घेतल्याचा गुन्हा गंभीर, म्हणून आमचा कागद डिस्ट्रिक्ट क्लार्ककडे होता. क्लार्कच्या सही-शिक्क्याच्या प्रतीवर राज्याची राजधानी ऑस्टिन इथल्या, राज्याच्याच सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या कचेरीतून अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून लागणारा दाखला, घ्यायचे. भारत २००५ पासून अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे, त्यामुळे ते इथे चालते.

सर्वांत महत्त्वाचा कागद मी शेवटी ठेवला आहे. विमा कंपनी ‘एफआयआर’ म्हणत राहिली आणि तिकडे त्या नावाचा कागद नसतो. ज्या काउंटीत सरकारी मेडिकल एक्झामिनर (अशा मृत्यूंची चौकशी करणारा डॉक्टर) नाही, आणि ग्रामीण टेक्सासमध्ये बहुतेक ठिकाणी तो नसतो, तिथे अपघाती मृत्यूची चौकशी हाच जस्टिस ऑफ द पीस करतो. तो वकील असलाच पाहिजे असे नाही. तोच घटनास्थळी जातो, मृत्यूची वेळ आणि कारण लिहितो, शवविच्छेदन करायचे की नाही ते ठरवतो. त्याच्या चौकशीच्या नोंदीला ‘इन्क्वेस्ट’ म्हणतात. ती नोंद मिळवा, आणि ती विम्यासमोर ठेवून सांगा की आमच्याकडचा पंचनामा हाच.

ती नोंद आली त्या दिवशी बहिणीने चष्मा पुसला आणि ओळीवर बोट ठेवून वाचत गेली. इंग्रजी तिला बेताचेच येते. वेळेपाशी बोट थांबले. रात्री ९ वाजून ४० मिनिटे. मी हिशेब करून सांगितले, आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे सकाळचे ९ वाजून १० मिनिटे. ती म्हणाली, “दादा, तेव्हा मी पूजा करत होते. त्याच्यासाठीच हात जोडले होते.” मग तिने तो कागद यादीशेजारी ठेवला आणि पहिली खूण केली.

प्रत्येक राज्यात मात्र टेक्साससारखे नाही. व्हर्जिनिया, टेनेसी अशा काही राज्यांचा कायदा फक्त तिथल्या रहिवाशांना अर्जाचा हक्क देतो, आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ते ग्राह्य धरले आहे. अशा ठिकाणी त्याच राज्यात राहणाऱ्या कोणीतरी अर्ज करावा लागतो. तिकडच्या महाराष्ट्र मंडळांना माझी हात जोडून विनंती आहे की प्रत्येक राज्यात अशी दोन-तीन माणसे तयार ठेवा. दुःखाच्या वेळी भाकरी-भाजी पोहोचवणारे खूप जण असतात, आम्हालाही लाभले. एक अर्ज लिहून देणारा मिळाला नाही.

आणि आपल्याकडे विनंती अशी. परदेशातली अशी बातमी छापताना आपला बातमीदार नातेवाइकांशी किंवा मुलाच्या मित्रांशी बोलतोच. त्याच बोलण्यात दोन प्रश्न विचारावेत: काउंटी कोणती, आणि तपास कोणाकडे, शहराच्या पोलिसांकडे, शेरीफकडे, महामार्ग पोलिसांकडे की केंद्राकडे. एका ओळीत ते बसते. गेल्या आठवड्यातल्या त्या घरच्यांपर्यंत माझा फोन नंबर पोहोचवता आला तर पोहोचवावा. संध्याकाळी साडेसहानंतर मी घरीच असतो, आणि तेव्हाच तिकडच्या कचेऱ्या उघडतात.

आपला,
निवृत्त न्यायालयीन कर्मचारी, जि. सातारा
(नाव, पत्ता व फोन नंबर संपादकांकडे दिला आहे.)