व्हेरिएबल एनडी फिल्टरच्या ५ स्टॉपच्या खुणेवर क्रॉस येत असल्याबाबत तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आपल्या कंपनीचा ८२ एमएमचा, १ ते ५ स्टॉपचा व्हेरिएबल एनडी फिल्टर (रिंग फिरवून लेन्समध्ये येणारा प्रकाश कमी-जास्त करणारा; एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा) आमच्या साताऱ्यातील स्टुडिओसाठी घेतला आहे. खोक्यावर ‘५ स्टॉपपर्यंत क्रॉस येणार नाही’ असे ठळक छापले आहे. प्रत्यक्षात ५ च्या खुणेवर २४ एमएमच्या वाइड लेन्सच्या फ्रेममध्ये आभाळभर काळी फुली, म्हणजेच क्रॉस, उमटते. कासच्या पठारावर वाइड लावली की अर्धी फ्रेम आभाळच असते. तिथे ती झाकणार कुठे?

सेवा केंद्राने ‘वाइड लेन्सवर असे होतेच’ म्हणून तक्रार बंद केली. हे आम्हाला मान्य नाही. या फिल्टरमधल्या दोन पोलरायझर काचा (एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश सोडणाऱ्या) एकमेकींवर फिरवल्या की ९० अंशांजवळ क्रॉस येणारच, याबद्दल वाद नाही. म्हणून तर रिंगला दोन्ही टोकांना अडथळा असतो. काचा समांतर असताना साधारण १ स्टॉप जातो. त्यावर ४५ अंशांवर १, ६० वर २ आणि ७५ च्या जरा पुढे ४ स्टॉप जातात, म्हणजे सुरुवातीचा १ धरून एकूण ५. रिंग तिथेच अडायला हवी.

आम्ही भर दुपारच्या उन्हात ग्रे कार्डवर (प्रकाश मोजण्याच्या करड्या कार्डावर) मोजले. आयएसओ १००, एफ/४, फिल्टरशिवाय शटर १/१६००. ५ च्या खुणेवर १/५० यायला हवे होते. २५ फ्रेमच्या व्हिडिओला तेच शटर लागते आणि फिल्टर घेतला तो त्यासाठीच. आले १/१५, म्हणजे दीड स्टॉपहून जास्त अंधार. हिशेबाने रिंग ८२ अंशांच्या आसपास जाऊन थांबते. १ च्या खुणेवर रीडिंग जवळपास बरोबर येते, पण त्यावरून फिल्टर चांगला ठरत नाही: सुरुवातीला सहा-सात अंश इकडेतिकडे झाले तरी फरक दिसत नाही, शेवटी मात्र एकेक अंश भोवतो. अडथळा चुकीच्या जागी बसला आहे किंवा काच रिंगमध्ये फिरून बसली आहे.

रंगाचेही तेच. फ्रेमची डावी बाजू हिरवट, उजवी जांभळट दिसते. छटा सगळीकडे सारखी असती तर व्हाइट बॅलन्सने (कॅमेऱ्यातील रंगदुरुस्तीने) निघाली असती. अशी दुरंगी निघत नाही.

केंद्रात फिल्टर लॅपटॉपच्या पडद्यासमोर धरून ‘ठीक आहे’ असा शेरा दिला. एलसीडी पडद्याचा प्रकाश मुळातच पोलराइज्ड असतो, फिल्टर आडवा-उभा धरला तरी उजेड बदलतो. ही तपासणी ग्राह्य धरू नये.

फिल्टर बदलून द्यावा. नवा पाठवण्याआधी २४ एमएमवर, ढगाळ पांढऱ्या आभाळासमोर, ५ च्या खुणेवर तपासून रीडिंग लेखी कळवावे. तसा नग नसेल तर पूर्ण रक्कम परत करावी. जुना फिल्टर साताऱ्यातून नेण्याचा खर्च कंपनीने करावा. १५ दिवसांत उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागू.

बिल, रॉ फाइल आणि रिंग फिरतानाचा व्हिडिओ सोबत जोडला आहे.

कळावे,
आपले ग्राहक, सातारा