१ मेच्या आत

प्रिय मनू,

"डोंगर चढायला एवढी फी भरायची का?" हे तुझ्या कॉलेजच्या निवडीवर माझ्या तोंडातून गेलं आणि त्याच क्षणी कळलं, की चुकलं. तू दार लावून घेतलंस. आई अजून माझ्याशी धड बोलत नाहीये, दादाचाही मेसेज आलाय. एकच शब्द: "बाबा!!"

दम्याच्या पंपाचा विषय काढायचा नाही, असं ठरवूनच लिहायला बसलोय.

कोलोरॅडो कॉलेजची ती ब्लॉक पद्धत मला आधी थट्टाच वाटली होती. साडेतीन आठवडे एकच विषय, मग चार-साडेचार दिवस सुट्टी आणि पोरं तंबू घेऊन पसार. पण १९७० पासून चाललंय म्हणजे काहीतरी असणारच त्यात. पुढच्या तासाला पळायचं नसल्यामुळे भूशास्त्राचा वर्ग चार दिवस सलग खडकांतच भरवता येतो, हे तू सांगत होतीस आणि मी ऐकत नव्हतो. फक्त एक बघ. अठरा दिवसांत विषय संपतो. त्यातले तीन आजारपणात गेले तर सहावा हिस्सा गेला. आणि गाव ६,००० फुटांवर, हवा कोरडी, समोर पाइक्स पीक शिखर १४,११५ फूट...

बघ, आलोच पुन्हा तिथे.

सात वर्षांची होतीस. नेब्युलायझरच्या घरघरीवर तू मास्कच्या आतून आकडे मोजायचीस, दर दहाला माझं एक बोट मुडपायचीस. दहाही बोटं झाली की सगळी उघडून परत पहिल्यापासून. औषध संपलं तरी तू थांबायची नाहीस. तीच पोरगी आता दोर बांधून कड्यावर लटकते. तुझा तो फोटो ऑफिसात सगळ्यांना दाखवतो मी, आणि स्वतः नीट बघत नाही.

विल्यम्स कॉलेज मला का आवडतं, ते तुला माहीत आहे. ऑक्टोबरातल्या एका शुक्रवारी सकाळी घंटा वाजते, वर्ग रद्द, सगळे डोंगरावर. वर्षातून एकदा! बापाला झेपेल एवढंच. तिथला ग्रेलॉक डोंगर ३,४९१ फूट. तुझ्या कोलोरॅडोचं ग्रंथालयसुद्धा त्याहून उंचावर आहे. मिडलबरी कॉलेजचं तर बोलूच नको. फेब्रुवारीत पदवी घेणारी मुलं झगे घालून स्की करत उतरतात म्हणे. आत्याला सांगितलं तर ती विमानात बसायची नाही.

डोंगर कुठे पळून जात नाहीत. वर्गात मुलं किती, तुझ्या विषयाला प्राध्यापक किती, आर्थिक मदत चारही वर्षं तेवढीच राहील का, हे लेखी विचारून घे. सहलीच्या म्होरक्यांना प्रथमोपचाराचं शिक्षण असतं का, जवळचं हॉस्पिटल... झालं, लागलं माझं भाषण सुरू. माफ कर.

खरं तर कॉलेज बघायला गेलो तेव्हा दुसऱ्या मजल्यावर धाप मलाच लागली होती. तू वरून विचारलंस, "बाबा, माझा पंप देऊ?" सगळे हसले, मीही हसलो. तेव्हा तुझा श्वास मात्र अगदी शांत होता. मी कान देऊन ऐकत होतो.

१ मेपर्यंत कळवायचंय. तू जे ठरवशील त्याच्या पैशांचं मी बघतो. फॉर्म भरताना मला उठव, कितीही वाजले असले तरी.

जुन्या पंपाची तारीख जूनमध्ये संपतेय. नवे दोन आणलेत, तुझ्या ट्रेकच्या बुटांच्या खोक्यावर ठेवलेत.

बाबा