पॅटर्न परत मागितलाय

उद्यमबाग, बेळगाव
१८ फेब्रुवारी २०२४

प्रिय सुऱ्या,

संक्रांतीला फोनवर भांडलो, त्यानंतर मीच गप्प बसलो. राग सोड. घरी सगळे बरे, आईचा गुडघा तसाच.

इटलीच्या गिऱ्हाइकाने आपला पॅटर्न परत मागितलाय. पंप बॉडीचा, सागवानी, ज्यावरून वाळूत साचा पाडतो तो. ज्याच्या कडेला तुझा रंधा निसटला होता आणि आपण रात्रभर खाचेत लांबी (पुट्टी) भरत बसलो होतो, तोच. पैसे त्यांनी भरलेत, हक्क त्यांचाच. पण हे दुसऱ्या कुणाला सांगू?

कारण एकच, माल वेळेवर पोचत नाही. १९ नोव्हेंबरला येमेनच्या हुथी बंडखोरांनी हेलिकॉप्टरमधून उतरून ‘गॅलेक्सी लीडर’ जहाज पळवलं, तेव्हा तांबड्या समुद्राचा आणि आपल्या बेळगावच्या तिसऱ्या रेल्वे गेटाचा संबंध मला लागला नव्हता. आता न्हावा शेवाचा कंटेनर सुएझ सोडून आख्ख्या आफ्रिकेला वळसा घालतो. १०-१४ दिवस जास्त, भाडं दुपटीच्या वर, विमा वाढला तो वेगळाच. तुर्कस्तानातली फाउंड्री त्यांना जवळ पडते. मोल्डिंगची सात माणसं याच कामावर आहेत रे. यल्लाप्पा विचारत होता, ‘हुथी म्हणजे खानापूरच्या पुढं काय?’ खूप दिवसांनी हसलो.

तू म्हणालास, तांबड्या समुद्रातली जहाजं राखायला भारताने अमेरिकेच्या नौदल आघाडीत जायला हवं होतं. मला अजून पटत नाही. १२ जानेवारीपासून अमेरिका-ब्रिटन येमेनवर बॉम्ब टाकताहेत, हल्ले थांबले का? आपण भांडत होतो तेव्हा जयशंकर तेहरानमध्ये जहाजांचाच विषय काढत होते. इस्रायलशीही बोलायचं आणि इराणशीही, यात भित्रेपणा नाही गा. २६ जानेवारीला हुथींच्या क्षेपणास्त्राने ‘मार्लिन लुआंडा’ हे तेलवाहू जहाज पेटलं, त्यावर २२ भारतीय होते. आग विझवायला आपली युद्धनौका ‘विशाखापट्टणम’ धावली. ऊर भरून आला. पण नौदल आग विझवेल, विमा कसा उतरवेल? गाझातलं युद्ध थांबेपर्यंत थांबणार नाही, असं हुथी उघड म्हणतात. तोवर ही सात माणसं मी कशावर ठेवू, या विचाराने झोप लागत नाही.

पोरीच्या दहावीचं काय? वहिनींना नमस्कार. कुंदा पाठवतो.

सुताराला पॅटर्न पाठवायची पेटी करायला सांगितलीय. झाकणाला खिळे मारायच्या आधी एकदा येऊन जा.

तुझा,
बाळू