जेलचा रंग फक्त पीएच सांगत नाही

महोदय,

आम्लतेनुसार रंग बदलणारी जेलची पट्टी बोअरच्या पाण्याचा पीएच (आम्लतेचे माप; आकडा जितका कमी तितके पाणी अधिक आम्लधर्मी) पाहायला तशीच बुडवून भागत नाही. या जेलमध्ये रंगद्रव्य नसते. पॉलिस्टायरीन या प्लास्टिकचे सूक्ष्म गोळे जेलच्या जाळीत ठरावीक अंतरावर अडकवलेले असतात आणि कोणत्या रंगाचा प्रकाश परावर्तित होणार हे त्या अंतरावरून ठरते. पीएच साधारण 5 च्या वर गेला की जाळीतल्या कार्बॉक्सिल गटांवर (आम्लधर्मी अणुगटांवर) ऋणभार येतो, जेल पाणी ओढून फुगते, गोळ्यांमधले अंतर वाढते आणि परावर्तित रंग निळ्याकडून तांबड्याकडे सरकतो. पण पाण्यात क्षार जास्त असले की तीच जेल आकसते, कॅल्शियम तर त्या गटांनाच धरून बसते. मग पीएच तोच असूनही रंग निळ्याकडे सरकतो आणि चांगले पाणी आम्लधर्मी ठरते! म्हणून बफर द्रावणांत (ठरावीक पीएच टिकवणाऱ्या द्रावणांत) नमुन्याइतकेच क्षार घालावेत, त्यांचा पीएच मीटरने पुन्हा मोजावा आणि मगच, नमुन्याच्याच तापमानाला, पट्टीचे अंशांकन करावे, म्हणजे कोणता रंग कोणत्या पीएचचा हे ठरवावे. जेलचा थर पातळ हवा. जाडी दुप्पट झाली तर रंग स्थिरावायला सुमारे चौपट वेळ लागतो. वाळून भेगा पडलेली पट्टी सरळ टाकून द्यावी.

– एक वाचक, नाशिक