त्वचेच्या सावलीत काळा रंग नको

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

छंद पुरवणीत फँटसी मिनिएचर (किंवा मिनी), म्हणजे काल्पनिक योद्धे-राक्षसांच्या छोट्या मूर्ती, रंगवण्यावर लेख छापलात त्याबद्दल आधी थँक्स, मराठी पेपर या छंदाच्या वाटेला सहसा जात नाहीत. प्रायमर (रंग नीट धरावा म्हणून आधी द्यायचा थर), बेसकोट (मूळ रंगाचा थर) वगैरे सगळं मस्त समजावलंय, पण त्वचेचा परिच्छेद वाचला आणि लिहायला बसलोच. त्यात म्हटलंय की बेस रंगात थोडा काळा घातला की शेड (सावलीचा रंग) आणि थोडा पांढरा घातला की हायलाइट (उजेड पडतो तिथला फिकट रंग). अहो असं केलं तर योद्धा आठवडाभर तापाने पडलेला दिसतो, आणि नवीन माणूस समजतो की आपल्या हातातच कला नाही.

खरी त्वचा भिंतीसारखी नसते. उजेड तिच्यात थोडा आत शिरतो, आत पसरतो आणि रक्ताचा लालसरपणा घेऊन बाहेर येतो, अंधारात बोटांमागे मोबाईलचा टॉर्च धरला की दिसतंच. म्हणून उजेड संपून सावली सुरू होते तिथे रंग नुसता गडद होत नाही, तो लालसरही होतो. काळा घातला की हा लालसरपणाच मरतो आणि उरतो राखाडी. त्यापेक्षा शेडसाठी लाल-तपकिरी घ्या, खोल जागी वाइन किंवा जांभळ्याकडे जाणारा घ्या, म्हणजे भुवयांखाली, गालाच्या हाडाखाली, खालच्या ओठाखाली, हनुवटीखाली मानेवर. पांढऱ्याचंही तेच, तो थंड आणि खडूसारखा दिसतो, त्याऐवजी आयव्हरी किंवा फिकट क्रीम मिसळा. शुद्ध पांढरा फार तर एक ठिपका, नाकाच्या शेंड्यावर किंवा ओठाच्या ओलाव्यावर, बास.

वॉशबद्दल, म्हणजे खाचांत उतरून सावली देणाऱ्या पातळ रंगाबद्दल, बोलायलाच हवं. सिटाडेल ब्रँडचा राइकलंड फ्लेशशेड हा त्वचेसाठीचा वॉश मीही वापरतो, चांगलाच आहे, पण लोक तो पूर्ण अंगावर ओततात आणि मग म्हणतात मळकट दिसतंय, शिवाय सपाट जागी वाळताना कडेला डागांची वर्तुळं पडतात ती वेगळीच. वॉश खाचेत हवा, जास्तीचा साचला तर ओला असतानाच कोरड्या ब्रशने उचलून घ्या, आणि वाळल्यावर उंचवट्यांवर बेस रंग परत द्या. ही शेवटची पायरी बरेच जण गाळतात!

पण लेखात ग्लेझचं नावच नाही याचं मला जास्त वाईट वाटलं, कारण त्वचेची खरी मजा तिथेच आहे. रंग इतका पातळ करायचा की खालचा थर आरपार दिसला पाहिजे, ब्रश टिश्यूला टेकवून जास्तीचं पाणी काढायचं, आणि फटकारा मारायचा तो जिथे रंग सगळ्यात जास्त हवा त्या दिशेने, कारण ब्रश जिथे उचलता तिथे रंगाचे कण जास्त बसतात. सावली हवी तर सावलीकडे ओढा, हायलाइट हवा तर हायलाइटकडे. एक थर पूर्ण वाळू द्या, मगच दुसरा, घाई केली तर खालचा उखडून येतो. दोन रंगांमधली कडा दिसायला लागली की मधला रंग घेऊन त्या कडेवरच ग्लेझ द्यायचा. कंटाळवाणं आहे, मान्य.

ग्लेझ जमला की चेहऱ्यात जीव आणता येतो. कपाळ किंचित पिवळसर, नाक-गाल-कान लालसर, आणि दाढी केलेल्या पुरुषाचा जबडा निळसर-राखाडी. कोपर, गुडघे, बोटांचे सांधे यांनाही लालसर हात फिरवा. जुने इटालियन चित्रकार तर त्वचेखाली हिरव्या मातीचा थर द्यायचे आणि वर गुलाबी चढवायचे, काही चित्रांत वरचा थर झिजलाय म्हणून ते चेहरे आज हिरवट दिसतात. थोडक्यात त्वचा एका बाटलीतून येत नाही.

सावळ्या आणि काळ्या त्वचेबद्दल तर लेखात एक ओळही नाही. तिथे पांढरा मिसळला की लगेच राख फासल्यासारखं होतं. केशरी-तपकिरीतून वर चढा आणि शेवटचा हायलाइट लहान पण ठसठशीत ठेवा, कारण गडद त्वचेवर चकाकी जास्त उठून दिसते. सावलीत निळसर-जांभळा तपकिरी छान बसतो. ऑर्क (फँटसीतला हिरवा राक्षस) असेल तर हायलाइट पिवळ्याकडे न्या, सावलीत हिरव्यात थोडा लाल-तपकिरी मिसळा, ओठांना आणि जखमेभोवती जांभळट ग्लेझ.

आणि कॉन्ट्रास्टला, म्हणजे गडद-फिकट यांतल्या ठळक फरकाला, घाबरू नका. 28 मिलिमीटरच्या मिनीचा चेहरा जेमतेम काही मिलिमीटरचा, एवढ्याशा नाकाची खरी सावली हातभर लांबून दिसतच नाही, ती रंगवावीच लागते आणि जरा भडकच रंगवावी लागते. मोबाईलवर ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढा, नाक-डोळे वेगळे कळले नाहीत तर शेड अजून खोल करा. हे सगळं पांढऱ्या दिव्याखाली करा, पिवळ्या बल्बमध्ये त्वचेचा रंग हमखास फसवतो.

एक विनंती, पुढच्या लेखात फक्त तयार मिनीचा फोटो छापू नका. बेसकोट, वॉश, ग्लेझ, हायलाइट असे एकाच चेहऱ्याचे चार फोटो एकाच उजेडात काढलेले छापा, आणि प्लीज फ्लॅश न वापरता, फ्लॅशने सगळी शेडिंग धुऊन निघते.

आपला,
एक नियमित वाचक