आधी गिऱ्हाइकाशेजारी बसा, मग ॲप सुधारा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत खेड्यापाड्यांतल्या ऑनलाइन खरेदीवर लेख होता. माहिती चांगली होती, पण शेवटी लेखकाने सुचवलेला उपाय वाचून राहवलं नाही. ग्रामीण ग्राहकांना ॲप वापरण्याचं प्रशिक्षण द्यावं, असं त्यांचं म्हणणं.

गारगोटीत माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. पीकविमा, शिष्यवृत्ती, रेशनकार्डाचं केवायसी ही नेहमीची कामं. त्यांच्या जोडीला हल्ली "वैनी, एवढं एक मागवून द्या की" म्हणत लोक मोबाईल पुढे करतात. मिक्सरचं भांडं, फवारणीच्या पंपाचा पट्टा, गमबूट, बाळाचे कपडे, गाउन. हीच माणसं दुधाचे पैसे यूपीआयने घेतात, पुण्यातल्या नातवाला व्हिडिओ कॉल लावतात, ऊसतोडीच्या टोळीचा हिशेब व्हॉट्सॲपवर ठेवतात. ती खरेदीच्या ॲपपाशीच अडत असतील, तर आधी ॲपकडे बघायला हवं.

ते जरा नीट बघायची संधी मला मिळाली, म्हणून हे पत्र. माझी भाची कोल्हापुरात कॉम्प्युटरचं शिकते. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात तिला खरेदीचं एक चालू ॲप वापरायला किती सोपं आहे ते तपासायचं होतं आणि मग त्याची नवी मांडणी करून दाखवायची होती. "मावशी, तुझ्या दुकानात बसू का?" म्हणाली. बसली. पद्धत साधी होती. गिऱ्हाइकाला एक काम सांगायचं, समजा "आठशेच्या आतला रेनकोट शोधा आणि घरी आल्यावर पैसे द्यायचे असं करून मागवा", आणि मनात येईल ते मोठ्याने बोलत करायला लावायचं. आपण शेजारी बसून टिपून घ्यायचं, बोलायचं नाही. हे न बोलणं फार जड. समोरच्याचं बोट भलतीकडे निघालं की माझा हात आपोआप पुढे व्हायचा आणि भाची डोळे वटारायची.

मी विचारलं, अशी शंभर-दोनशे माणसं बसवावी लागत असतील ना? ती हसली. जेकब नीलसन नावाच्या या विषयातल्या जाणकाराने 2000 सालीच लिहून ठेवलंय म्हणे, की एका चाचणीला पाच माणसं बसवली तरी सुमारे 85 टक्के अडचणी उघड्या पडतात; मग त्या दुरुस्त करायच्या आणि पुन्हा नवी पाच बसवायची. म्हणजे खर्चाची सबब कंपन्यांना नाही. पाच माणसं आमच्या दुकानात चहा व्हायच्या आत जमतात.

आता काय दिसलं ते सांगते. पाटगावकडचे एक मामा आधीपासूनच तक्रार घेऊन आले होते, "चार दिस झालं पसंत करून, आजून आलं न्हाई." फोन बघितला तर त्यांनी टॉर्चच्या फोटोवरचं हृदयाचं चिन्ह दाबलं होतं. हृदय लाल झालं, खाली काहीतरी संदेश येऊन गेला, मामा निश्चिंत. दुकानात वस्तू आवडली असं सांगितलं की दुकानदार बांधायला घेतो, तसंच त्यांना वाटलं, आणि मला त्यात काही वावगं दिसत नाही. चिन्हाखाली "नंतर बघण्यासाठी ठेवा" एवढे शब्द असते तर मामांचे चार दिवस वाचले असते. तीन आडव्या रेघा, वस्तू गाळून बघायचं नरसाळं, पिशवी ही चिन्हं ज्याने काढली त्याला ती कळत असणार. आमच्याकडे नरसाळं रॉकेल ओतायला वापरायचे.

दुसरा प्रसंग एका निवृत्त गुरुजींचा. चाळिशीचा चष्मा आहे, म्हणून त्यांनी फोनवरची अक्षरं सगळ्यात मोठी करून ठेवली आहेत. फोन तशी सोय देतो, पण ॲप ती गृहीत धरत नाही. गुरुजींनी पत्ता शुद्धलेखनासकट, वेलांट्या तपासून भरला. पुढे जायचं बटण कुठेच नाही! अक्षरं मोठी झाल्याने ते पडद्याच्या खाली गेलं होतं, आणि वरून कीबोर्ड उघडा, त्यामुळे खाली काही आहे याचा मागमूस नाही. गुरुजींनी तोच पत्ता पुन्हा तपासला. त्यांना वाटत होतं, आपलंच काही चुकलंय. अशा वेळी कुणाही माणसाला आधी स्वतःचंच चुकलं असं वाटतं, आणि कंपनीच्या दप्तरात मात्र "ग्राहकाने खरेदी अर्धवट सोडली" एवढीच नोंद पडत असेल. पांढऱ्यावर फिकट करड्या अक्षरांचीही तीच गत. वेबसाठीच्या जागतिक मानकात साधी अक्षरं आणि मागचा रंग यांच्या उजळपणात किमान 4.5 ला 1 एवढा फरक हवा, असं लिहिलेलं आहे. स्टँडवर उन्हात उभं राहून, ओरखडे पडलेल्या स्क्रीनगार्डमधून वाचणाऱ्याला खरं तर तेही कमीच.

ओटीपीचं तर विचारू नका. स्वस्त फोनला मेमरी कमी. ओटीपी बघायला माणूस मेसेजमध्ये गेला की मागे ॲप बंद पडतं, आणि परत येतो तो पहिल्या पानावर. पुन्हा नंबर टाका, पुन्हा ओटीपी. तोवर पहिला आकडा शिळा झालेला. एक काकू शेवटी आकडा तळहातावर लिहायला लागल्या, तरी ॲपने दाद दिली नाही. बंगळुरूच्या ऑफिसात ज्या फोनवर हे ॲप तपासलं जात असेल तो बहुधा आमच्या काकूंच्या फोनच्या पाचपट किमतीचा असणार.

पण माझ्या मते सगळ्यात मोठा घोळ पत्त्याचा आहे. फॉर्म विचारतो फ्लॅट क्रमांक, इमारतीचं नाव, सेक्टर, मार्ग. वाडीवरचा माणूस काय लिहिणार? त्या चौकटी रिकाम्या ठेवता येत नाहीत, म्हणून कुणी शून्य टाकतं, कुणी टिंब, एकाने तर सगळीकडे स्वतःचंच नाव लिहिलं. पिनकोड घातला की तालुका-जिल्हा आपोआप येतो, आणि तो चुकीचा आला तरी कित्येकदा बदलता येत नाही. पिनकोडची पद्धत 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झाली. ती बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपले मराठी गृहस्थ, टपाल खात्यातले मोठे अधिकारी आणि वर संस्कृतचे कवी. त्यांच्या रचनेत शेवटचे तीन आकडे वाटप करणाऱ्या पोस्टापर्यंत नेतात आणि तिथून पुढे पोस्टमन गाव ओळखतो. एका पोस्टाखाली अनेक गावं, अनेक वाड्या. सुरुवातीचे 416 तर कोल्हापुरालाही आहेत, सांगलीलाही आणि घाटाखाली सावंतवाडीलाही. टपालाचं काम या रचनेवर चोख चालतं, कारण शेवटचा भाग माणसाच्या डोक्यात असतो. ॲपवाल्यांनी आकडे उचलले आणि पोस्टमन विसरले. मग डिलिव्हरीचा पोरगा कूरच्या फाट्यावर उभा राहून फोन करतो, "कुठं यायचं?" आणि खरा पत्ता तेव्हा सांगितला जातो, तोंडी: मारुतीच्या देवळामागनं वर या, पाण्याची टाकी लागली की डावीकडं.

मराठीबद्दलही लिहायला हवं. 2020 मध्ये खरेदीच्या ॲपांत मराठी हवी म्हणून आंदोलन झालं आणि 2021 मध्ये मोठ्या ॲपांत मराठी आली, त्याचं श्रेय ज्याचं त्याला. पण ही मराठी उंबऱ्यापर्यंतच सोबत करते. पहिलं पान मराठीत, वस्तूचं वर्णन अर्धंमुर्धं, आणि माल परत करायच्या अटी, जिथे खरी गरज, तिथे इंग्रजी. शोधायच्या चौकटीत नऊवारी इंग्रजी अक्षरांत कुणी व्ही घालून लिहितं, कुणी डब्ल्यू घालून. दोघींना वेगवेगळ्या साड्या दिसतात. देवनागरीत टंकायची सोय नाही असंही नाही. मुंबईच्या आयआयटीतल्या औद्योगिक अभिकल्प (डिझाइन) केंद्राने स्वरचक्र नावाचा कीबोर्ड कधीच करून दिलाय, व्यंजन दाबलं की भोवती बाराखडी उमलते.

काम झाल्यावर भाची प्रत्येकाकडून दहा प्रश्नांचा कागद भरून घ्यायची. जॉन ब्रूक नावाच्या गृहस्थांनी 1986 मध्ये तयार केलेली ही प्रश्नावली जगभर वापरतात. एक विधान ॲपच्या बाजूचं, पुढचं विरुद्ध, आणि प्रत्येकाला 1 ते 5 मधला आकडा. आमच्या लोकांनी काय करावं? बऱ्याच जणांनी सगळीकडे 5. "पोरीचं शिक्षान हाय, कशाला कमी मार्क द्यायचं!" त्या हिशेबात सगळीकडे 5 दिले की बाजूचे आणि विरुद्धचे एकमेकांना खोडतात आणि उत्तर 100 पैकी बरोब्बर 50 येतं, म्हणजे अगदी मधोमध. पाच मिनिटांपूर्वी हीच माणसं घाम पुसत होती. तेव्हा सणाच्या सेलनंतर कंपन्या ग्राहक समाधानाचे जे आकडे छापून आणतात ते वाचताना आमच्या गिऱ्हाइकांची ही माया लक्षात असू द्यावी.

मग तिने नवी मांडणी केली, कागदावरच. पुठ्ठ्याचा फोन आणि त्यात सरकवायच्या चिठ्ठ्या. पत्त्यात आधी गाव, मग वाडी किंवा गल्ली, मग ठळक खूण, आणि "डिलिव्हरीवाल्याला तोंडी सांगा" असं बटण, म्हणजे पंधरा सेकंदांचं बोलणं पत्त्यासोबत जातं. हृदयाखाली शब्द. पिनकोड एकदा दिला की वस्तूच्या फोटोखालीच घरपोच एकूण किती पडतील तो आकडा. हे सगळं लोकांनी पुठ्ठ्यावर बोट ठेवून सहज पार पाडलं. एक गोष्ट मात्र साफ आपटली, आणि ती भाचीची सर्वांत लाडकी होती. पडद्यावरचा मजकूर मराठीत मोठ्याने वाचून दाखवणारं बटण. पुठ्ठा कसला बोलतोय, म्हणून तो आवाज तीच काढायची. गाउन मागवायला आलेल्या बाईने पहिल्याच वाक्याला तिच्या तोंडावर हात ठेवला. दुकानात चार पुरुष उभे. "साइज कशाला वरडून सांगतीस, बाई?" कुठल्याही तज्ज्ञाला हे खुर्चीत बसून सुचलं नसतं. मलाही नाही, आणि मी तर रोज इथेच असते.

आतापर्यंत लिहिलं ते अडाणीपणाने झालेलं म्हणून सोडून देता येईल. पुढचं तसं नाही. रेनकोटची किंमत एक दिसते. शेवटच्या पानावर घरपोच शुल्क, हाताळणी शुल्क, रोखीने देणार म्हणून आणखी शुल्क. वार्षिक सदस्यत्व घ्यायचं बटण पिवळंधमक आणि अंगठ्याखाली येईल असं. "नको" कोपऱ्यात, करड्या बारीक अक्षरांत. ज्यांना पिवळं बटण इतकं ठसठशीत करता येतं त्यांना मोठी अक्षरं आणि मोठी बटणं कशी करतात हे ठाऊक नाही, असं मी मानत नाही. ऑर्डर द्यायला दोन टिचक्या, रद्द करायला पानामागून पानं, हे आपोआप घडत नाही.

याला कायदा आहे. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार आधीच टिक करून ठेवलेली चौकट ग्राहकाची संमती धरता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 ला अशा फसव्या मांडणीचे 13 प्रकार नावानिशी जाहीर करून त्यांवर बंदी घातली. किंमत थेंबाथेंबाने उघड करणं त्यात आहे, गपचूप पिशवीत वस्तू घालणं आहे, सदस्यत्वाचा सापळाही आहे. जून 2025 मध्ये प्राधिकरणाने कंपन्यांना सांगितलं, तीन महिन्यांत स्वतःची तपासणी स्वतः करा. पोराने आपला पेपर आपणच तपासून घरी मार्क सांगावेत, तसला हा प्रकार. माझी मागणी एवढीच की ही तपासणी खऱ्या गिऱ्हाइकांना शेजारी बसवून व्हावी. त्यांत साठीच्या पुढची माणसं असावीत, मराठीतून वापरणारी असावीत आणि फोन त्यांचा स्वतःचा असावा. कुठे किती जण अडले तेही कंपनीने छापावं. आपल्या वृत्तपत्राने कंपन्यांकडे तेवढं विचारावं. जाहिराती पान पान भरून येतातच, एक प्रश्न विचारायला हरकत नसावी. तोवर वाचकांनी 1915 हा ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक फोनमध्ये ठेवावा. तिथे मराठीत बोलता येतं.

भाचीला प्रकल्पाचे मार्क मिळाले, पुठ्ठ्याचा फोन माझ्या दुकानातच आहे. कुठल्या कंपनीच्या माणसाला बघायचा असेल तर बाजाराच्या दिवशी यावं, आणि येताना ऑफिसचा फोन न आणता दुकानात मिळणारा सगळ्यात स्वस्त फोन आणावा.

आपली,
एक वाचक
झेरॉक्स व ऑनलाइन फॉर्म केंद्र,
गारगोटी, ता. भुदरगड, जि. कोल्हापूर