दुसरा राऊटर जोडताना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

फायबरचे कनेक्शन आता तालुक्याच्या गावांतही आले आहे. जोडणी करणारा माणूस तार आणतो ती हॉलमधल्या टीव्हीमागे आणि मोडेम-राऊटरची एकत्र पेटी, म्हणजे ओएनटी, तिथेच बसते. मागच्या खोलीत वायफायची एखादी रेघ उरते, जुन्या दगडी घरात तीही नाही. मग लोक बाजारातून दुसरा राऊटर आणतात आणि जमेल त्या भोकात तार खुपसतात. त्यानंतर प्रिंटर सापडत नाही, कॅमेरे मोबाइलवर दिसत नाहीत, वायफाय जोडलेले असूनही नेट चालत नाही. कंटाळून लोक महागडा प्लॅन घेतात किंवा कंपनी बदलतात. हा खर्च बहुतेक वेळा वाया जातो, कारण बिघाड घरातल्या जोडणीत असतो आणि तो अर्ध्या तासात निघू शकतो.

घरातल्या प्रत्येक उपकरणाला नेटवर्कवर एक पत्ता लागतो. तो वाटण्याचे काम डीएचसीपी नावाची सोय करते आणि ती एका घरात एकाच पेटीत चालू असावी. दुसऱ्या राऊटरच्या वॅन पोर्टात, म्हणजे बाहेरून नेट आत घेणाऱ्या भोकात, तार घातली, तर तो स्वतःचे वेगळे नेटवर्क उभे करतो. नेट चालते, पण हॉलमधला प्रिंटर एका नेटवर्कवर आणि बेडरूममधला लॅपटॉप दुसऱ्यावर राहतो. लॅन पोर्टात, म्हणजे घरातली उपकरणे जोडण्याच्या भोकात, घातली आणि डीएचसीपी तसेच चालू ठेवले, तर गोंधळ आणखी वाढतो. दोघेही पत्ते वाटू लागतात आणि ज्या मोबाइलला दुसऱ्या राऊटरकडून पत्ता मिळतो तो नेटसाठी त्याच्याचकडे जातो, जिथून बाहेर वाट नसते. म्हणून एकाचे नेट चालते, शेजारी बसलेल्याचे नाही.

योग्य रीत अशी. दुसरा राऊटर ओएनटीला लावण्याआधी फक्त लॅपटॉपला तारेने जोडा आणि खालच्या स्टिकरवरचा पत्ता ब्राउझरमध्ये टाकून त्याचे सेटिंगचे पान उघडा. वायफायचे नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार ओएनटीवर आहे तोच, अक्षरन् अक्षर ठेवा. मग राऊटरचा स्वतःचा लॅन पत्ता बदला. ओएनटी १९२.१६८.१.१ वर असेल, तर याला १९२.१६८.१.२ द्या. पान नव्या पत्त्यावर पुन्हा उघडून डीएचसीपी बंद करा. हे सर्वात शेवटी करायचे, कारण ते बंद झाले की नुसत्या राऊटरला जोडलेल्या लॅपटॉपला पत्ता मिळत नाही आणि पान उघडत नाही. आता ओएनटीच्या लॅन पोर्टातून दुसऱ्या राऊटरच्या लॅन पोर्टात तार घाला. वॅन पोर्ट रिकामा राहील. ओएनटीच्या पानावर पत्ते वाटपाची सुरुवात १९२.१६८.१.१० पासून ठेवा, म्हणजे राऊटरचा पत्ता चुकून एखाद्या मोबाइलला जाणार नाही. राऊटरमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट मोड’, म्हणजे फक्त वायफाय पसरवण्याची सोय, असेल, तर बराचसा खटाटोप तो एका निवडीत करतो. मात्र तेव्हा तार कोणत्या पोर्टात घालायची ते माहितीपत्रकात पाहावे.

वायफायचे नाव एकच असले, तरी दोन्ही पेट्यांचे चॅनेल, म्हणजे लहरींचे पट्टे, वेगळे हवेत. २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ आणि ११ हेच तीन एकमेकांवर चढत नाहीत. एका पेटीला १ आणि दुसरीला ६ किंवा ११ द्या, चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा.

तारेत केलेली काटकसर फार महागात पडते. कॅट-६ प्रकारची नेटवर्क तार घ्या, तीही शुद्ध तांब्याची. स्वस्त तारेत ॲल्युमिनियमवर तांब्याचा नुसता मुलामा असतो, ती वाकवताना तुटते. तिच्या आतल्या आठही बारीक तारा दोन्ही टोकांना एकाच क्रमाने हव्यात: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. काही कारागीर चारच तारा जोडून मोकळे होतात. जोडणी चालते, पण १०० एमबीपीएसवर अडकते, आणि ३०० चा प्लॅन घेऊनही हातात ९०-९५ च पडतात. हाच आकडा राऊटरमुळेही येतो. खोक्यावर १२०० छापलेले असते ते वायफायचे. मागचे पोर्ट १०० चेच असू शकतात. ‘गिगाबिट पोर्ट’ हे शब्द वाचूनच पैसे द्यावेत.

तार नको म्हणून रिपीटर, म्हणजे वायफाय पकडून पुढे पाठवणारी पेटी, घेणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की साधा रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि बोलतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. घ्यायचाच, तर जिथे सिग्नल पोचत नाही त्या खोलीत न ठेवता वाटेत, सिग्नल चांगला आहे तिथे ठेवावा.

छोट्या कचेऱ्यांत दोन कंपन्यांची कनेक्शने घेऊन दोन्ही ओएनटी एकाच नेटवर्क स्विचमध्ये (अनेक तारा एकत्र जोडणाऱ्या पेटीत) खुपसलेल्या दिसतात. पत्ते वाटणारे पुन्हा दोन! तिथे दोन वॅन पोर्टांचा राऊटर हवा आणि त्याच्या आतल्या नेटवर्कचे पत्ते दोन्ही ओएनटींहून वेगळे हवेत. एक बंद पडले तर दुसरे चालते, हा खरा फायदा. शंभर आणि शंभर मिळून एका डाऊनलोडला दोनशे मिळत नाहीत. साध्या स्विचपासून राऊटरपर्यंत ‘जास्तीची असू दे’ म्हणून दुसरी तार कधीही लावू नये. माहिती त्या वर्तुळात फिरत राहते, सगळे दिवे एकदम लुकलुकतात आणि पूर्ण कचेरीचे नेट थांबते.

दोन इमारतींमध्ये तांब्याची तार नेऊ नये, ही विनंती कोकणातल्या आणि वळवाचा मारा असलेल्या भागांतल्या वाचकांना विशेष आहे. जवळ वीज पडली की दोन्हीकडची उपकरणे जळतात. तिथे फायबर आणि टोकांना मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबर आणि तांब्याच्या तारेला जोडणारी पेटी, लावावा.

कंपन्यांनी जोडणीच्या दिवशीच ग्राहकाकडे दुसरा राऊटर आहे का हे विचारून तो नीट लावून द्यावा आणि ओएनटीच्या पानाचा पासवर्ड लेखी द्यावा. बांधकाम व्यावसायिकांनी हॉलपासून प्रत्येक खोलीपर्यंत नेटसाठी २५ मिलिमीटरची स्वतंत्र नळी भिंतीत टाकावी, विजेच्या नळीपासून अंतर राखून, आणि आत एक ओढतार ठेवून द्यावी. प्लास्टर होण्याआधी हे काम किरकोळ खर्चात होते.

आपला,
नेटवर्क जोडणीच्या कामातील एक वाचक, सांगली